दुभाषी

डॉक्टर किंताना बोलतात स्पॅनिश,
उम्मीला कळते हस्सानिया,
मधल्या खुर्चीत मी,
दोन्हीकडची उधारी सांभाळत.

मघाशी काट्यावर चढली तेव्हा
आकडा ऐकून उम्मीने मान ताठ केली.
नर्सने मान खाली घातली.

"गुडघा बदलू. पण आधी
तीस किलो उतरवायला सांगा यांना."

तीस किलो.
शिंगेतीच्या बाहेर, तंबूत,
आठ वर्षांच्या सालकाला पहाटे उठवून
उंटिणीच्या दुधाचे वाडगे पाजले.
ओकली, तर ओकलेलं पाजलं.
पायाच्या बोटांना दोन काड्यांचा चिमटा,
चिमट्यावर आत्याचा हात.
"गीळ. वाळकुडीला कोण नेईल?"
खजूर पिकेपर्यंत पोरीनं अंग धरलं.
मांड्यांवर रेघा फुटल्या,
बायका त्यांवरून बोट फिरवून गेल्या
कणीक नीट तिंबली का ते बघावं तशा.
त्या अंगावर घरात आठ उंट आले,
एक नवरा,
आणि हा गुडघा.

मी सांगते, "डॉक्टर म्हणतात, थोडं चालत जा."

उम्मी हसते. एवढ्या लांब वाक्याचं
एवढंसं लेकरू होत नाही, हे तिला कळतं.

डॉक्टर माझ्याकडे वळतात.
"तुम्ही मात्र छान राखलंय स्वतःला.
आईला सांगा ना, कसं ते."

कसं ते:
हॉटेलच्या लाँड्रीत दुपारी दोनला
एक सफरचंद, चार फोडी,
त्यातल्या दोन उद्याला.
जीन्सच्या आतला आकडा
ब्लेडने उसवून फेकला,
तरी कमरेला तो पाठ आहे.
लास पाल्मासमध्ये माझ्यावर
कुणीही हात उगारलेला नाही.

"काय म्हणतो?" उम्मी विचारते.
माझं मनगट धरते. तिच्या अंगठा-तर्जनीत
ते मावून वर जागा उरते.
ती बराच वेळ त्या उरलेल्या जागेकडे बघते.
मग म्हणते, "त्याला विचार,
माझ्या पोरीला काय झालंय?
हिच्या बोटांवर कुणाचा हात आहे?"

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकून थांबलंय.

उम्मीच्या मेल्हफाला माप नाही,
शिवण नाही, नुसतं निळं कापड, पुरेल तितकं.
त्याचा पदर ती माझ्या मांडीवर टाकते,
मला थंडी वाजत असेल म्हणून.

वाजतेच आहे.

मी तोंड उघडते.
"आई विचारतेय,"
इथपर्यंत स्पॅनिश येतं.