संवाद येथे येईल

डिसेंबरचा शेवटचा रविवार. बामणोदच्या मळ्यात
आम्ही पाच परीक्षक.
पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी फुगत होती
आणि मोटारीच्या खोलीतून ओढलेल्या वायरीवर
तीन लॅपटॉप, सतरंजीवर मांडलेले.
ठरवायचं होतं: यंदाचा सर्वोत्तम खेळ.

‘तापीपार’ भुसावळच्या तेजल नेहेतेचा.
अकरा गावं कबूल केलीत, चार झालीत.
दीडशे रुपये आज द्या, म्हणते,
बाकीची गावं बांधून होतील तशी येतील.
नावाडी आहे, कंदील आहे, रात्र तर अशी आहे
की माझ्या सायबर कॅफेतली पोरं
मे महिन्याच्या दुपारीसुद्धा ती दबक्या आवाजात खेळतात.
पाचव्या गावाकडे वल्हवलं की नदी संपते.
पाणी नाही, काठ नाही, नुसता राखाडी रंग,
आणि नाव त्यात हळूच खाली जाते.

शकील तडवी म्हणाला, भो, केळी कच्चीच कापतो ना आपण?
दिल्लीला पोचेस्तोवर वाटेत पिकते,
म्हणून ती रावेरची नाही का?
झोपे सरांनी चिमट्यानं वांगं उलटलं.
हे असंच अर्धं भाजलेलं वाढू का तुला?
दोघंही बरोबर बोलत होते.
खेळाबद्दल कोणीच बोलत नव्हतं.

मी नियमाचा कागद काढला.
‘त्या वर्षी प्रसिद्ध झालेला.’
प्रसिद्ध म्हणजे विकायला काढला तो दिवस,
की बनवणाऱ्यानं हात झटकले तो?
पूर्ण म्हणून आलेल्या दुसऱ्या खेळाला
पहिल्याच आठवड्यात नऊ ठिगळं लागली होती.
आणि यंदा हिला नाही दिलं,
तर अकरावं गाव होईल त्या साली
हेच आपण म्हणणार, हा तर जुना, केव्हाच खेळून झाला.
दोन वर्षांच्या फटीत पडलेला खेळ
कोणाच्या खिशात सापडतो?

तरी मला विसपुते आठवत राहिले,
सराफ बाजाराच्या मागे बसून नावं कोरणारे.
दरवर्षी चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात,
नाव सांगा, साल सांगा,
आणि नंतर बदल घेऊन येऊ नका.
तिचा खेळ दर गुरुवारी बदलतो.
पितळ बदलत नाही.

मी विरोधात हात वर केला. तीन विरुद्ध दोन.
तिसरा हात माझा होता हे
शकीलनं भरीत वाढताना लक्षात ठेवलं,
मला तेल कमी आलं.

रात्री तेजलला फोन केला. वाटलं, आपणच सांगावं.
मागे यार्डातली शंटिंगची धडधड.
ती म्हणाली, बरं बरं, ते राहू द्या काका,
चौथ्या गावातलं कुत्रं तुमच्याकडे भुंकतं का?
काही जणांच्या मशीनवर मुकंच राहतं.
बघून सांगतो, म्हणालो.
निकालाचं तिनं पुन्हा विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही की हात कोणाचा.

कॅफेचं शटर अर्धं ओढून बसलो.
पहिलं गाव, दुसरं, तिसऱ्यात कंदिलाला तेल.
चौथ्या गावाच्या घाटावर कुत्रं भुंकलं,
चांगलं दोनदा भुंकलं. वहीत लिहून घेतलं.
पायरीवर एक बाई बसलेली,
गेल्या आठवड्यात नव्हती.
पदर वाऱ्यावर हलतोय, चेहरा अजून सपाट,
नाक-डोळे काढायचे राहिलेत.
मी तिच्याजवळ नाव लावली, बटण दाबलं.
तिच्या डोक्यावर पांढरी चौकट उघडली,
आत चारच शब्दांइतकी जागा, तीन शब्द:
संवाद येथे येईल.

पुन्हा दाबलं.
संवाद येथे येईल.
समोर राखाडी. मागे कुत्रं.
घड्याळात सव्वा वाजला होता, वार सोमवार.
मी नाव तिथंच बांधून ठेवली.