पाचशे पन्नास

उद्यमनगरात, पार्वती टॉकीजच्या मागल्या बोळात
आण्णासो मगदुमांचं पॅटर्न शॉप.
सागवानाचा भुसा कीबोर्डात इतका
की 'म' दाबला तर दोनदा उमटतो.

"पोरानं आपल्या नावाचं डोमेन घिटलं," ते म्हणाले,
"पाटी लावल्यागत वाटलं.
सगळ्यांच्या मेल येत्यात, काहींच्या न्हाईत.
बँकेची न्हाई. पुण्याच्या फौंड्रीची न्हाई.
आनि जी येत न्हाई
ती येत न्हाई, हे मला कळायचं कसं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.
मी लॅपटॉप काढला, टेबलावरचा भुसा फुंकला.

नोंदी जागच्या जागी होत्या.
पत्ता त्यांचा, पेटी जीमेलची,
मधे फॉरवर्डर, आलं की पुढं ढकलणारा.
माझ्या साध्या पत्त्यावरून पाठवली: आली.
ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवली:
स्पॅममध्ये नाही, कचऱ्यात नाही,
कुठंच नाही.

"शिरोलीच्या गेटवरचा वॉचमन आठवा," मी म्हटलं.
"त्याच्याकडं कागद असतो.
पुण्याचा माल कुठल्या कुठल्या टेंपोतून येणार,
त्यांचे नंबर.
माल पुण्याचाच, चलन पुण्याचंच,
पण वाटेत तुमच्या माणसानं तो उतरवून
आपल्या टेंपोत चढवला.
वॉचमन नंबर बघतो, कागद बघतो,
गाडी मागं फिरवतो."

"पन सील असतंय की खोक्याला."
माणूस लाकडातला,
जोड कुठं सुटला ते बरोबर हेरतो.

होतं ना सील.
पण तुमचा टेंपोवाला प्रत्येक खोक्यात
एक चिठ्ठी टाकत होता,
'व्हायरस तपासलेला आहे',
आणि चिठ्ठी टाकायची तर झाकण उघडावं लागतं.

मग लॉग उघडला. मागं फिरलेल्यांची यादी.
पाचशे पन्नास. पाचशे पन्नास.
बँक, बँक, फौंड्री, विमा,
बाळगोंडा, बँक, बाळगोंडा,
मी वाचत गेले, भाजीचा हिशेब वाचावा तशी.
कानस थांबली.

"किती येळा?"
मोजलं. सात.
"काय लिवलंय त्यानं?"
लॉगला ते ठाऊक नसतं, आण्णासो.
कोण, कुणाला, किती वाजता, का नाकारलं,
एवढंच.
"पयली कवाची?"
तारीख सांगितली. सकाळी सात दहा.

ते कॅलेंडरपाशी गेले, अंगठा ओला करून
दोन पानं मागं उलटली.
"खंडेनवमी."
बँडसॉच्या चाकावर झेंडूची माळ अजून होती,
वाळून तपकिरी, भुशात भुसा झालेली.
ते मशीन दोघांनी मिळून घेतलं होतं
हे मला नंतर कळलं, चहावाल्याकडून.

"परत गेल्यावर त्याला काय दिसलं असंल?"
मी त्यांना ती इंग्रजी ओळ मराठीत सांगितली:
घेणाऱ्याच्या बाजूनं नाकारली.
"म्हंजे मीच."
तुम्ही नाही हो, सर्व्हर.
"त्याला काय ठाऊक."

फॉरवर्डर बदलला.
नवा वरचं पाकीट आपल्या नावानं घालतो,
आतल्या सीलला हात लावत नाही.
चार तास लागतील म्हटलं,
जुना पत्ता ठिकठिकाणी मुरलेला असतो,
विसरायला वेळ घेतो.
"आनि ती सात?"
ती येत नाहीत.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली.
मग खुर्ची ओढून माझ्या जागी बसले,
बाळगोंडाचा पत्ता माझ्याकडून अक्षर-अक्षर घेतला
आणि एका बोटानं 'मी' लिहायला गेले.
ममी, असं उमटलं.

बराच वेळ त्याच्याकडं बघून
एक म पुसला.