एकच इसम

खडेबाजारात जिन्याखाली माझं टायपिंगचं दुकान.
भरमा मुतगेकर उद्यमबागेतून पाळी सुटल्यावर सरळ आला,
नखांत अजून लेथचा काळा कीस.
क्रोएशियाचं वर्क परमिट आलंय, म्हणाला,
एका वर्षाचं. पुढं वाढवून देतात म्हणे.

जन्मदाखला कन्नडमध्ये,
शाळेचा दाखला मराठीत,
जुन्या पासपोर्टावर बेळगाव,
आधारवर बेळगावी.
व्हिसावाल्याला दोन गावं दिसली
तर त्याला माणसंही दोन दिसणार.

बाँडपेपरवर मी टाइप केलं:
वरील दोन्ही गावे एकच आहेत.
(किती सहज उमटलं. मीच थबकले.)
वरील दोन्ही कागदांवरील इसम मीच.

नोटरीनं न वाचताच शिक्का मारला.

'अक्का, तिथं कायमचं राहाय येतंय काय?'
पाच वर्षं सलग राहिलास तर.
आणि त्यांच्या भाषेची परीक्षा.
'एवढंच होय? हितं तीन पिढ्या देऊलाव की.'

पैसे मोजून तो पायरी उतरला, परत वर आला.
एक जादा झेरॉक्स द्या, आईला.
ती कुठलीच लिपी वाचत नाही,
फोटो तेवढा ओळखते.