सोहारमध्ये उतार

खलफानच्या घराला आधीच छप्पर होतं,
सपाट, पांढरं, वर टाकी आणि डिश,
सोहारमधल्या सगळ्या घरांना असतं तसं.
त्याच्यावर त्याला अजून एक हवं होतं, उतरतं.
तरुणपणी चार वर्षं तो कुठल्याशा बर्फाच्या गावात शिकला,
एका म्हातारीच्या माळ्यावर भाड्यानं राहिला.
ते छप्पर तीस वर्षं त्याच्या डोक्यात राहिलं,
कंटेनर भरून शिंगल्स मागवण्याइतके पैसे होईपर्यंत.

गठ्ठ्यांच्या वेष्टनावर सूचना होती:
थंडीत माल तडकतो, लावण्याआधी उबेत ठेवा.
कुंजुमोननं ती मोठ्यानं वाचली,
टेकबहादूर हसता हसता शिडीवरच बसला.
जून होता. आठ वाजताच
डांबरावर बुटाचा ठसा उठायचा,
म्हणून आम्ही पहाटेच्या बांगेबरोबर चढायचो,
कपाळाला दिवे बांधून,
आणि दोरी मारायचो, निळ्या भुकटीची,
ताणून सोडली की टण्ण,
काळ्या कागदावर रेघ.

वळचणीला आधी पट्टी,
मग पहिली ओळ, तिच्यावर अर्ध्यानं सरकवून दुसरी.
एकेकाला चार खिळे,
समुद्राकडच्या अंगाला सहा.
खिळा टेकावा, रुतू नये;
रुतला तर कापतो,
उभा राहिला तर वरच्याला भोक पाडतो.
चिकटवायचं काम ऊन करतं, फुकट.

सुपरवायझरनं विचारलं, आधी केलंयस?
मी म्हटलं, नाही.
तो माझ्या हातांकडे बघत राहिला.

बाबा घरं शाकारायचे.
होळी झाली की मिरगापर्यंत पाच गावं त्यांचीच.
नळ्यांवरून चालायचे ते एकही नळा न फोडता,
खाली वासा कुठं आहे ते तळव्याला कळायचं.
मी खालून कौलं फेकायचो, ते न बघता झेलायचे.
म्हणायचे, पाण्याला वरून खाली यायचंय,
म्हणून आपण खालून वर जायचं.

इकडे आल्यावर तिसऱ्या वर्षी मी स्लॅबचे पैसे पाठवले.
वाडीतला पहिला स्लॅब आमचा.
मग कुवेतवाल्या पाष्ट्यांचा, मग दोहावाल्या दोघा भावांचा,
आणि जुनी कौलं उतरवायला प्रत्येकानं
बाबांनाच बोलावलं, रोजावर.
उतरवली त्यांनी. नीट, रचून.
पाच-सहा उन्हाळ्यांत पाचही गावं सपाट झाली.
शिडी त्यांनी विकली नाही,
गोठ्यात आडवी टांगलीय, कोंबड्या बसतात.

स्लॅब पुढं गळायला लागला.
आता त्याच्यावर निळा पत्रा आहे, उतरता.

अकराव्या दिवशी आढ्याच्या टोप्या बसल्या.
खलफान बागेतला पाइप घेऊन आला,
म्हणाला, वर मारा,
आणि स्वतः चपला काढून आत गेला.
टेकबहादूरनं अंगठ्यानं धार फोडली.
पाणी खडीसारख्या खरखरीत करड्या अंगावरून
ओळ उतरत, ओळ उतरत
वळचणीला आलं, तिथून वाळूत,
आणि वाळूनं ते ठेवून घेतलं.
दहा मिनिटं. पंधरा.
मीटर फिरत होता, कुणी बंद कर म्हणालं नाही.
आतून काहीच आवाज नाही.
मधे जुना स्लॅब होता ना,
त्याला काय ऐकू गेलं असेल, मला माहीत नाही.
बाहेर आला तेव्हा त्यानं फक्त
प्रत्येकाच्या हातात थंड ताकाची बाटली दिली.

रात्री बाबांना फोटो पाठवला.
त्यांनी तो शेजारच्या पोराकडून मोठा करून घेतला असणार,
कारण बराच वेळ काही आलं नाही.
मग फोन.
बरा आहेस ना, जेवलास का, यातलं काही नाही.
म्हणाले, डावीकडे दोन उतार मिळतात,
तिथं खाली काय घातलंस?

मी सांगायला लागलो.