छाट

दुपारी पावर गेली की
अख्खं दत्तनगर बहिरं व्हायचं.
तेवढ्यात मी राज्य करून घ्यायचे.

वय नऊ. मांडीवर सूप,
सुपात पानं, तंबाखू, दोरा,
आणि मनात विडी कारखान्यातली ती उंच खुर्ची.
खुर्चीत मी, चेकर.
समोर रांग:
घरमालक, रेशनवाला,
"घरी तेलुगू बोलणं बंद करा" म्हणणाऱ्या पाटणकरबाई,
आणि अम्माच्या हजारातल्या शंभर विड्या
रोज मोडून फेकणारा खरा चेकर.
एकेकाला चिमटीत धरायचं, कानाशी फिरवायचं,
छाट!

मग पळून जायचं. कशावर, तर
नायनानं विणलेल्या चादरीवर,
तीही सेकंड मालातली. चांगली घरी येतच नसे.
मोराला एक डोळा कमी,
म्हणून जरा डावीकडे उडायची,
गिरणीच्या चिमणीला वळसा घालून
थेट करीमनगरकडे,
जे मी पाहिलं नव्हतं
आणि नायना झोपेतसुद्धा ज्याला
मन ऊरु म्हणायचा. आपलं गाव.

सत्तय्याला एकदा विचारलं, येतोस?
म्हणाला, जेवायच्या आत आणून सोडशील?

पावर यायची.
गल्लीभर माग खडखडायला लागायचे,
राज्य खालसा.
रात्री अम्मा माझ्या विड्या मोजायला बसायची.
सैल निघालेली उसवून
पुन्हा वळायची, माझ्याकडे पाठ करून.

छाटला तेलुगूत काय म्हणतात
मला अजून माहीत नाही.