गाळा नंबर सत्तावीस

गुरुवारी भोसरीत प्रेस थांबतात
आणि मग कळतं, इथे साळुंक्याही आहेत.
पत्र्यावर त्यांची भांडणं चालू असतात.
बुधवारीही असणारच; ऐकतो कोण.

मी या गाळ्यात एकोणीस वर्षं मायक्रोमीटर धरला.
'सहा मायक्रॉन कमी,' म्हणायचे,
आणि चांगल्या मिशीवाल्यांचे चेहरे पडायचे.

आमचं शेत इथेच होतं. नेमकं कुठे, ते विचारू नका.
आई म्हणायची, प्लेटिंगवाल्याचा हौद आहे ना, ती विहीर.
हरभरा व्हायचा.
मग एमआयडीसीचे पैसे आले, बुलेट आली,
भैरवनाथाच्या यात्रेत कुस्तीच्या इनामाला वडिलांचं नाव पुकारलं,
पैसे गेले.
मी शेतातच कामाला लागले पुन्हा,
बाराशे रुपये पगार, ओव्हरटाईम वेगळा.

वेलुसामी माझ्याही आधीचा.
कोइमतूरहून लेथबरोबर आलेला, म्हणजे खरंच बरोबर:
त्याच ट्रकमध्ये, ताडपत्रीखाली, तीन रात्री.
मशीन बसवून चार दिवसांत परत जाणार होता.
तेहतीस वर्षं झाली.
कधी जाणार विचारलं की स्पिरिट लेव्हल काढायचा खिशातून,
'थोडी लेवल बाकी आहे, ताई.'

खंडेनवमीला आम्ही झेंडू वाहायचो, नारळ फोडायचो.
त्याला ते पुरेना.
तो मंडईतून कोहळा आणायचा, पोट कोरून
कुंकू आणि चिल्लर भरायचा,
कापूर लावून मशीनला ओवाळायचा
आणि आपटायचा, तिथेच, पायाशी.
पहिल्या वर्षी तो लाल राडा बघून
हणमंत काळोखे फर्स्ट एडची पेटी घेऊन धावला होता म्हणे.
नंतर तोच विचारायचा, 'अण्णा, कोहळा आणला का?'

हेडस्टॉकवर विभूतीच्या तीन रेघा,
त्यांवर काळोख्यानं आकुर्डीहून आणलेला भंडारा,
वरून कूलंट. दुपारपर्यंत सगळ्याचा एक चिखल.
डब्याच्या सुट्टीत दोघांचं ठरलेलं:
'तुमच्या खंडोबाला दोन बायका.'
'तुमच्या मुरुगनला?'
'दोन.'
'आणि डोंगर?'
'डोंगराशिवाय कसा राहील? घरी दोन बायका!'
रामसूरत हसता हसता ठसकायचा.
त्याची विश्वकर्मा पूजा सतरा सप्टेंबरलाच होऊन जायची,
तेव्हा लेथला दोनदा पेढे.

यंदा मालकाच्या मुलानं चाकणला जागा घेतली.
तिथे काचेआडच्या मशीन, बटणांवर चालणाऱ्या.
लेथ किलोवर गेलं.
वजनकाट्याची चिठ्ठी मीच फाईलला लावली,
आकडा दोनदा तपासून. सवय.

क्रेन आली ती गुरुवारीच, आणि त्याच दिवशी नवमी.
मशीन उचललं तसा पाया फुटला
आणि खालून निघाली नाणी,
चार आणे, आठ आणे, तेलानं काळी, कुठे कुठे अजून लाल.
एक वॉशर. माझं हरवलेलं कानातलं,
ज्याच्यासाठी मी उगाच रामसूरतवर संशय घेतला होता
आणि कधी बोलले नव्हते.
त्याच्याही खाली माती.
काळी, भुसभुशीत, मुरमाचा खडाही नाही.
मी हात घातला. गार होती.
इतकी वर्षं मी ज्या स्टुलावर बसत होते
ते चार पावलांवर होतं.

वेलुसामी खाली बसला, गुडघे कटकन वाजले.
मातीवर लेव्हल ठेवली.
बुडबुडा मधोमध जाऊन थांबला, हलेना.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग
तो सापडलेला वॉशर एका टोकाखाली सरकवला.
'बघा ताई,' म्हणाला. 'बाकी आहे थोडी.'

कोहळा पिशवीत तसाच होता.
फोडायचा कशापुढे, हे कोणी विचारलं नाही.
काळोखे म्हणाला, वहिनी, तुम्ही घेऊन जा,
सांडगे तरी होतील.

घातलेत. गच्चीवर आहेत.
समोरच्या चिमणीची काजळी उडते,
म्हणून वर जुनं धोतर पसरलंय वडिलांचं.
अजून एखादं ऊन लागेल.