आस

सियागंजात हकीमुद्दीनच्या दुकानी
गुंडे छताला टेकलेले.
"बांधायला हवी की विणायला?" तो विचारतो
आणि उत्तराआधीच ताग पुढे ढकलतो.
ताग दिसतो सोन्यासारखा,
पाण्यात महिनाभरात भातासारखा शिजतो.
काथ्या नको, खवले खरवडतो.
सूत मऊ, पण भिजलं की फुगतं,
मग गाठ सोडवायला दातच लागतात.
सण दाखवा, मी म्हणते.
निमाडातला. मागल्या सालचा.

"मागल्या सालचा मागणारे एकच होते,"
तो म्हणतो, आणि शिडी लावतो.

मी हुंगते.
डबक्याचा वास आला तर जास्त भिजवलेला,
गवताचा आला तर घाईत सोललेला.
हातभर उलगडून सोडून देते:
स्वतःभोवतीच वेटोळं घालतो तो दोर
पिळाचा हट्टी, विणताना भांडेल.
हा सरळ लोंबतो. जरासा थरथरून थांबतो.
टोक जिभेवर ओलं करून गाठ मारते,
ओढते.
हकीमुद्दीन तेवढा वेळ
वहीत काहीतरी शोधतो.

"नायलॉन अर्ध्या भावात आहे, बाई.
दहा वर्षं बघायला नको."

मला ठाऊक आहे दहा वर्षं.
सिरपूरच्या तलावाचा गाळ काढला त्या उन्हाळ्यात
एक जाळं निघालं, कुणाचं कोण जाणे,
चिखल धुतल्यावर नवंकोरं,
आणि त्यात एक पाणकावळा,
म्हणजे त्याची मान आणि पंखाची काडी.
जाळं अजून धरूनच होतं.
पलीकडे दहा पावलांवर
भाजक्या मातीचे मणी, एका ओळीत, वीतवीत अंतरावर.
दोर कुठेच नव्हता.
घासीराम कहार खाली बसला,
एक मणी पुसून म्हणाला,
ये तो तेरे बाबूजी का है।

परदेशीपुऱ्यात, जिन्याखाली,
तेलाच्या डब्यात बाभळीची साल उकळते.
वरून शेजारीण: "चाय रंग री हो क्या?"
हो, मी म्हणते, येतेस का कप घेऊन?
सण तीन रात्री बुडतो, तीन दुपारी वाळतो,
कातडीसारखा तपकिरी होतो,
माझी नखंही.

ट्रंकेत चार ओळी आहेत. अपुऱ्या.
मिल बंद पडल्यावर अण्णांनी विणायला घेतल्या,
मागावर बावीस वर्षं घालवलेल्या हातांनी.
धोट्याने मोडलेलं त्यांचं मधलं बोट
वाकडं जुळलं होतं,
म्हणून आस जरासा कललेला, प्रत्येक घर
कुणीतरी हाक मारल्यावर मान वळवावी तसं.
पट्टी त्यांनी कधी वापरली नाही.
तीन बोटं, बस.

माझी तीन बोटं त्यांच्या अडीच.
पहिल्या दिवशी माझी ओळ बारीक झाली,
जे मासे त्यांनी जाऊ दिले असते
ते माझ्या ओळीत अडकले असते.
उसवली.
बोटांना चिंधी गुंडाळली, एक वेढा, अजून अर्धा,
त्यांच्या घरातून हात घालून पाहिला,
बसला.

आस म्हणजे जाळ्याचं घर. तो आस.
आणि ती आस, जिला घर नसतं.
लहानपणी शाळेत मी दोन्हींचं लिंग चुकवायचे,
गुरुजी हातावर छडी मारायचे, अण्णा हसायचे.

घासीरामचा कैलास विचारून गेला,
टिकेल किती?
वाळवत राहिलास तर दोन वर्षं.
आणि नाही वाळवलं?
तर पावसाळा.
आणि हरवलं तर?

मी सुईत दोर भरत होते.
पाचवी ओळ चौथीला जिथे जुळते
तिथे रंग दोन आहेत, जुना फिका, नवा तपकिरी.
गाठ ओढताना थुंकी लावली.
मणी राहतील, म्हटलं.
बाकीचं पाणी बघेल.